लाकडाचा पोकळ ढीग, आणि ऑस्ट्रेलियात 'आपलं' म्हणजे नक्की कुणाचं?

तगरफूल (रवि, १६:२०)

लेक नववीत आहे, मेलबर्नला. मागच्या आठवड्यात तिने शाळेतून एक गोष्ट वाचायला आणली. हेन्री लॉसनची 'द ड्रोव्हर्स वाइफ', १८९२ सालची. ड्रोव्हर म्हणजे गुरामेंढरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणारा. आपला मेंढपाळ डोळ्यांसमोर आणू नका, तो बायकापोरं, कोंबड्या, बिऱ्हाड सगळं बरोबर घेऊन हिंडतो. हा एकटा जातो आणि महिनोन्महिने परतत नाही. मागे राहते बायको, चार फाटकी पोरं, ॲलिगेटर नावाचा कुत्रा आणि दोन खोल्यांचं लाकडी घर. जवळात जवळची वस्ती एकोणीस मैलांवर.

संध्याकाळी साप निघतो आणि घराखाली शिरतो. बाई पोरांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवते, हातात काठी घेते आणि रात्रभर जागी बसते. बसल्या बसल्या तिला सगळं आठवत जातं. वणवा, पूर, मेलेलं मूल. पहाटे साप बाहेर येतो, कुत्रा त्याला धरतो, बाई मारते. एवढीच गोष्ट. इथे ती पाठ्यपुस्तकांत कितीतरी पिढ्या आहे. 'खरं ऑस्ट्रेलियनपण' म्हणजे काय, तर ही बाई, असं जवळपास ठरलेलंच.

लेकीला दिलेल्या प्रश्नांत चार प्रश्न बाईच्या धैर्यावर होते. तिने मला विचारलं ते त्यात नव्हतंच. "आई, त्या माणसाने तो ढीग आतून पोकळ का रचला असेल?"

गोष्टीत मध्येच दहाबारा ओळी आहेत. आदल्या दिवशी बाईने एका भटक्या मूलनिवासी माणसाला सरपण आणून रचायला सांगितलेलं असतं. ती हरवलेली गाय शोधून येते तर चुलाण्याशेजारी हा मोठा ढीग. ती खूश होऊन त्याला तंबाखूची एक वडी जास्त देते आणि आळशी नाही म्हणून कौतुकही करते. तो ताठ मानेने निघून जातो. लॉसन सांगतो की तो त्याच्या टोळीतला शेवटचा होता, राजा होता, पण ढीग मात्र त्याने पोकळ रचला होता. रात्री बाई एक लाकूड ओढते आणि सगळा ढीग कोसळतो. तेव्हा तिला रडू येतं.

माझ्या तोंडून पटकन निघालं, "कामचुकार असेल." लेक माझ्याकडे बघत राहिली. मग माझी मलाच लाज वाटली, कारण बारा वर्षांपूर्वी इथे पहिल्या नोकरीत माझ्याबद्दल कुणीतरी अगदी हेच म्हणालं होतं.

तर या बाईच्या मागे मी आठवडाभर लागले. रसेल ड्रायस्डेलने १९४५ मध्ये याच नावाचं चित्र काढलं. ओसाड माळ, मागे इवलीशी गाडी, आणि पुढे बॅग धरून उभी असलेली धिप्पाड बाई. १९७५ मध्ये मरे बेलने गोष्ट लिहिली. तिच्यातला दाताचा डॉक्टर म्हणतो, चित्रातली बाई म्हणजे मला सोडून गेलेली माझी बायको. (कल्पना झकास, पण मला काही ती फार भिडली नाही.) १९८० मध्ये फ्रँक मूरहाउसने धमाल उडवली. एक इटालियन विद्यार्थी परिषदेत निबंध वाचतो आणि गंभीर चेहऱ्याने सिद्ध करतो की ड्रोव्हरची बायको म्हणजे मुळात मेंढी होती! ट्रेनमध्ये वाचत होते, शेजारचा उठून दुसरीकडे बसला. त्याच साली बार्बरा जेफरिसने त्या बाईलाच बोलतं केलं.

आणि मग लिआ पर्सेल. ती स्वतः मूलनिवासी. लहानपणी आईने हीच गोष्ट वाचून दाखवलेली. तिने २०१६ मध्ये नाटक केलं, सिडनीच्या बेल्व्हॉर रंगमंचावर, २०१७ मध्ये त्याला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वांत मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये कादंबरी आणि २०२१ मध्ये सिनेमा. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, सगळं तिचंच. लॉसनने त्या बाईला नावच दिलं नव्हतं, पर्सेलने दिलं, मॉली जॉन्सन. आणि लाकडाच्या ढिगापाशी येऊन निघून जाणाऱ्या त्या माणसालाही नाव दिलं, याडाका. तो आता निघून जात नाही, बसतो, बोलतो.

(रहस्यभेद, सिनेमा बघायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

मॉलीची आई मूलनिवासी होती, हे तिला याडाकाकडून कळतं. म्हणजे ज्या बाईला इथल्या चार पिढ्यांनी 'आपली आदि-आई' म्हणून मिरवलं तिच्याच रक्तात तो अंगणातला माणूस निघतो. मी सिनेमा थांबवून पाणी प्यायले.

मला वाटतं इथल्या गोष्टींत 'आपलेपणा' हा प्रश्न नेहमी घराच्या रूपात येतो. आत कोण, अंगणात कोण, कुंपणाबाहेर कोण. आणि चांगले लेखक-दिग्दर्शक पुन्हा पुन्हा त्या ढिगापाशी जाऊन बघतात, आत काय आहे ते.

तुमच्या वाचण्या-बघण्यातलं काही असेल तर लिहा. इथे राहणाऱ्यांनीच लिहावं असं काही नाही.

---

गोदाकाठ (रवि, १७:०२)

मस्त लिहिलंय. मूरहाउसची मेंढी वाचायलाच हवी. वाचनखूण साठवली आहे. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

एक_अडाणी (रवि, १८:४५)

लेख आवडला, पण एक शंका. गोष्ट गरीब गोऱ्या बाईची आहे, तिच्यावर कमी आपत्ती आल्या का? दहा ओळींवरून लॉसनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे अति होतंय. आणि आपण व्हिसा काढून आलो, कर भरतो, रांगेत उभे राहतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या पापाची पाटी आपल्या गळ्यात कशाला? सिनेमाला गेलं की अपराधगंड, पुस्तक उघडलं की अपराधगंड. साधी करमणूक उरलीच नाही.

---

बूमरँग_बाबूराव (रवि, १९:३०)

पर्थहून. १९९६ पासून इथे आहे, बुश (शहराबाहेरचा रानमाळ) पाहिलंय ते फक्त गाडीच्या काचेतून. 🙂 पण गंमत अशी की बुशच्या गोष्टी रचणारेही बरेचसे शहरातलेच. 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' लिहिणारा बँजो पॅटरसन हा सिडनीतला वकील. १८९२ मध्येच त्याचं आणि लॉसनचं 'द बुलेटिन' साप्ताहिकात कवितांमधून कडाक्याचं भांडण झालं. पॅटरसन म्हणे बुश म्हणजे स्वर्ग, लॉसन म्हणे तू कधी पायी हिंडलायस का तिथे? मग त्याच वर्षी संपादकाने लॉसनच्या हातावर पाच पौंड आणि बर्क गावचं रेल्वेचं तिकीट ठेवलं, जा, बघून ये. तगरफूल यांची गोष्ट त्याच्या दोनच महिने आधीची.

लोक राहतात समुद्रकाठच्या चार-पाच शहरांत आणि स्वतःचं चित्र काढतात ते माळरानावरच्या घोडेस्वाराचं. आपल्याकडे मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून 'गावाकडचे ते दिवस' लिहितात, तसंच.

या स्वर्गावर सगळ्यात जोरात थप्पड मारणारा सिनेमा म्हणजे 'वेक इन फ्राइट' (१९७१, केनेथ कुकच्या १९६१ च्या कादंबरीवरून). एक शहरी मास्तर सुट्टीत सिडनीला निघालेला. वाटेत खाणीच्या गावात एक रात्र मुक्काम. तिथे त्याला सगळे प्रेमाने बिअर पाजतात. नाही म्हणायची सोयच नाही! नाही म्हटलं की अपमान. एका रात्रीत जुगारात पैसे जातात आणि मग माणूस तळाला जातो. मैत्रीचा, म्हणजे यांच्या त्या सुप्रसिद्ध 'मेटशिप'चा, असा घाम फुटवणारा अवतार मी दुसरा पाहिला नाही. (कांगारूंच्या शिकारीची दृश्यं खरी आहेत. जेवताना लावू नका.)

दिग्दर्शक टेड कॉचेफ कॅनडाचा. बाहेरच्याने येऊन आरसा दाखवला. त्यात काम केलेला जॅक थॉम्पसन सांगतो की इथल्या एका खेळाला प्रेक्षकांतून कुणीतरी उठून ओरडलं, "हे आपण नाही!" तर तो म्हणाला, "बस खाली, मित्रा. आपणच आहोत." पुढे सिनेमाची मूळ निगेटिव्ह कित्येक वर्षं सापडेना. शेवटी २००४ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या गोदामात मिळाली, नष्ट करायच्या डब्यांत. २००९ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात पुन्हा दाखवला.

अवांतर: ते गाव म्हणजे ब्रोकन हिल. तिथेच पत्र्याची एक जुनी मशीद आहे, उंटांवरून माल नेणाऱ्या उंटवाल्यांची. या लोकांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी असे सगळेच होते. त्या मशिदीत एक जुना ग्रंथ होता, कुराण म्हणून ठेवलेला. इतिहासकार सामिया खातून यांनी उघडून पाहिला तर तो निघाला बंगाली पद्यग्रंथ, 'कसासोल अंबिया'. त्यावरून त्यांनी २०१८ मध्ये 'ऑस्ट्रेलियानामा' हे पुस्तक लिहिलं. इतकी वर्षं तो तिथे होता आणि कुणी लिपीसुद्धा पाहिली नव्हती. हे उंटवाले सिनेमात बघायचे तर 'द फर्नेस' (२०२०) आहे, १८९७ च्या सोन्याच्या धावपळीतला.

---

तगरफूल (रवि, २०:१०)

बाबूराव, बंगाली पोथीबद्दल दंडवत! हे माहीतच नव्हतं.

एक_अडाणी, तुमचा राग समजू शकते. लॉसनला पिंजऱ्यात नाही उभं करत हो. त्याने त्या दहा ओळी लिहिल्या म्हणून तर पुढच्यांना धरायला काहीतरी मिळालं. पण गोष्ट कुठे छापून आली तेही बघा. ज्या 'बुलेटिन'ने ती छापली त्याच्या पहिल्या पानावर १९०८ पासून 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' असं ब्रीद होतं आणि ते १९६० च्या सुमारास, डोनाल्ड हॉर्न संपादक झाल्यावर उतरलं. म्हणजे 'ऑस्ट्रेलियन माणूस' म्हणजे कोण, हे जिथे ठरत होतं तिथल्या दारावरच पाटी होती. त्या पाटीत मी नाही आणि तुम्हीही नाही. अपराधगंड सोडा, माझी तर उत्सुकता आहे.

---

पुस्तकी_किडा (रवि, २१:५५)

दारावरच्या पाटीवरून आठवलं. या देशाच्या साहित्यात 'परका' होण्याची सोंगं फार झाली आहेत. आणि तीही यशस्वी!

१९५७ मध्ये 'देअर अ वीअर्ड मॉब' नावाचं पुस्तक आलं. लेखक निनो कुलोटा, इटलीहून आलेला पत्रकार, सिडनीत विटा-वाळूच्या कामाला लागतो, इथली बोली त्याला कळत नाही, त्यातून होणारे विनोद. पुस्तक तुफान खपलं, १९६६ मध्ये सिनेमाही निघाला. निनो कुलोटा मात्र अस्तित्वातच नव्हता. लिहिणारा होता जॉन ओ'ग्रेडी, इथलाच. म्हणजे स्थलांतरिताने यजमानांचं मनापासून कौतुक केलं ते यजमानानेच लिहून दिलेलं. शेवटी उपदेशही आहे, बाबांनो, इंग्रजी शिका आणि आमच्यासारखे व्हा.

मग १९९५. 'द हँड दॅट साइन्ड द पेपर' या कादंबरीला माइल्स फ्रँकलिन पुरस्कार, इथला सगळ्यात मानाचा. लेखिका हेलन डेमिडेन्को, युक्रेनी वंशाची, नक्षीचे युक्रेनी कपडे घालून कार्यक्रमांना येणारी. थोड्याच दिवसांत कळलं की ती हेलन डार्व्हिल, आईवडील ब्रिटनहून आलेले. बोंबाबोंब. तोवर परीक्षकांना त्यातला 'अस्सल अनुभव' फार भावला होता.

खऱ्या परक्यांची पाळी यायला वेळ लागला. श्रीलंकेत जन्मलेल्या मिशेल डी क्रेत्सर यांना तोच पुरस्कार २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये. २०२३ मध्ये शंकरी चंद्रन, 'चाय टाइम ॲट सिनॅमन गार्डन्स', सिडनीतला तमिळ वृद्धाश्रम. नाव आणि मुखपृष्ठ पाहून कुणी गुलाबी गोष्ट समजून घेईल, आतमध्ये श्रीलंकेची यादवी आहे आणि इथला वंशद्वेषही. मूलनिवासी लेखकांत पहिला किम स्कॉट, २०००, तोही विभागून. मग २००७ मध्ये अलेक्सिस राइट, 'कार्पेंटेरिया'. ती वाचायला घ्याल तर पहिली शंभर पानं दम धरा.

---

मांडवी (सोम, ०८:१५)

किडा, आमच्या गोंयकारांना विसरलात की. मी मडगांवची, सध्या सिडनीत. रोआना गोन्साल्विस यांचा 'द परमनंट रेसिडेंट' (२०१६) हा कथासंग्रह वाचा. मुंबईच्या गोवेकर ख्रिस्ती घरातल्या, इथे विद्यार्थिनी म्हणून आल्या. भारतात हेच पुस्तक 'सुनीता डिसूझा गोज टू सिडनी' या नावाने निघालं. मूळ नावातली गंमत इथल्यांना लगेच कळते. पी.आर. हा व्हिसा, पण 'कायमचा रहिवासी' असं कुणी खरंच असतं का?

त्यातल्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. नावाने नव्हे, स्वभावाने. चर्चमध्ये, भाड्याच्या घरात, नोकरीच्या मुलाखतीत. एकमेकींना मदत करणाऱ्या, आणि पाय ओढणाऱ्यासुद्धा. हे मला फार आवडलं, आपण बिचारे आणि गोरे वाईट असा सरळ हिशेब नाही. आपली माणसं आपल्याच नव्या पोरांना रोख पैशांवर कशी राबवून घेतात तेही लेखिका सोडत नाही. २००९ मध्ये मेलबर्नला विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा टीव्हीवर आपण फक्त मार खाणारे होतो. या कथांत आपण माणसं आहोत.

दुसरं नाव सुनीता पेरीस दा कोस्ता. जन्म सिडनीचा, घराणं गोव्याचं. 'सौदादे' (२०१८) ही छोटीशी कादंबरी, पण घडते अंगोलात, पोर्तुगीज काळातल्या एका गोवेकर कुटुंबात. आता हे पुस्तक ऑस्ट्रेलियन का? माइल्स फ्रँकलिनची अट आहे, ऑस्ट्रेलियन जीवनाचं दर्शन हवं. मग गोव्याची नात सिडनीत बसून आफ्रिका आठवते, त्याचं काय करायचं?

---

आजी_दौऱ्यावर (सोम, ११:४०)

मी साताऱ्याची, सध्या ब्रिस्बेनला लेकीकडे तीन महिने. तुमची पुस्तकं मला झेपायची नाहीत, पण मी रोज 'ब्लुई' बघते हो! नातू पाच वर्षांचा. सात सात मिनिटांचे भाग. निळ्या कुत्र्याचं पिल्लू, तिची बहीण, आई आणि बाप. बाप काय खेळतो पोरींशी! आमच्या ह्यांनी जन्मात घोडा घोडा केलं नाही.

लेकीने मला गाडीतून दाखवलं, ते ब्लुईचं घर इथल्याच पद्धतीचं आहे. खांबांवर उचललेलं, लाकडी, व्हरांड्याचं. मला आमच्या कोकणातल्या आजोळची पडवी आठवली. पण एक सांगू? त्यात कुणाच्या घरी आजी राहत नाही. येते, नाचते, जाते. मी पण येते नि जाते म्हणा.

नातू मला म्हणतो, "आजी, तू बोलतेस ते इंडियन, मी बोलतो ते ब्लुई."

---

तगरफूल (सोम, १२:०५)

आजी, तुमच्या नातवाने आमच्या सगळ्या धाग्याची वाट लावली. 😄

---

पडदानशीन (सोम, १४:३०)

भाषेवरून एक किस्सा. 'मॅड मॅक्स' (१९७९) अमेरिकेत दाखवताना पात्रांचे आवाज अमेरिकी हेल काढून पुन्हा भरले होते. इंग्रजीतून इंग्रजीत डबिंग! आणि चाळीस वर्षांनी अमेरिकेतली पोरं ब्लुईमुळे ऑस्ट्रेलियन हेल काढतायत म्हणून तिथले आईबाप चकित.

पण मला लिहायचंय ते डेव्हिड गुल्पिलिलबद्दल. पन्नास वर्षं ऑस्ट्रेलियन पडद्यावर 'मूलनिवासी' म्हटलं की हा एक चेहरा. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडचा नर्तक, 'वॉकअबाउट' (१९७१) मध्ये पोरसवदा वयात आला. श्रेयनामावलीत नाव चुकवलं, 'गुम्पिलिल'. सगळी कथा त्याच्या जिवावर चालते आणि नाव धड लिहिता येऊ नये.

मग 'क्रोकोडाइल डंडी' (१९८६). अमेरिकन पत्रकारीण त्याचा फोटो काढायला जाते, तो म्हणतो, नाही काढता येणार. ती समजूतदारपणे विचारते, फोटोने आत्मा जातो असं तुम्ही मानता का? तो म्हणतो, नाही, कॅमेऱ्याचं झाकण लावलेलं आहे. अख्ख्या सिनेमात हा एकच विनोद मला आजही ताजा वाटतो. बाकी डंडीने जगाला जो ऑस्ट्रेलियन विकला, टोपी, सुरा, मगर, तो कोणत्या शहरात राहतो ते बाबूरावांना विचारा.

'रॅबिट-प्रूफ फेन्स' (२००२) मध्ये तो पळालेल्या तीन मुलींचा माग काढणारा आहे. १९३१ ची खरी हकीकत, आईपासून तोडून सरकारी वसाहतीत नेलेल्या पोरी कुंपणाच्या कडेकडेने घरी चालत निघतात. त्यांतल्या थोरलीच्या मुलीनेच, डोरिस पिल्किंग्टन यांनी, १९९६ मध्ये ते पुस्तक लिहिलं. सिनेमात गुल्पिलिल जवळजवळ बोलतच नाही. त्याला माग सापडला आहे की त्याने सोडून दिला आहे, हे चेहऱ्यावरून ओळखायचं. तगरफूल यांचा तो लाकूड रचणारा मला इथे दिसला.

आणि 'चार्लीज कंट्री' (२०१३). दिग्दर्शक रोल्फ द हीर, लेखनात गुल्पिलिलचा वाटा. म्हातारा चार्ली आपल्याच जमिनीवर राहतो, पण पोलीस त्याचा भाला जप्त करतात, धोकादायक हत्यार म्हणून. त्याने स्वतः शिकारीला बनवलेला भाला! या भूमिकेसाठी २०१४ मध्ये कानला 'अँ सर्तेन रगार' विभागात अभिनयाचा पुरस्कार. इतकं हसवून इतकं गप्प करणारं काम मी क्वचित पाहिलं.

२०२१ मध्ये तो गेला. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत, त्यामुळे बातम्यांत काही दिवस 'डेव्हिड डलाइथ्न्गू' असं लिहीत होते. इथल्या टीव्हीवर कार्यक्रमाआधी पाटीसुद्धा येते, यात दिवंगत व्यक्तींची चित्रं आणि आवाज असू शकतात म्हणून.

---

भुसावळकर (सोम, १६:५०)

मी ऑस्ट्रेलियाला गेलेलो नाही. पण 'लायन' (२०१६) बघताना थिएटरात ओरडलो होतो, "अरे हे तर आपलं बऱ्हाणपूर!"

खंडव्याचा पाच वर्षांचा पोरगा, भावाबरोबर बऱ्हाणपूर स्टेशनात येतो, रिकाम्या गाडीत झोपतो आणि थेट कलकत्ता. तिथून दत्तक म्हणून टास्मानियात होबार्टला. पंचवीस वर्षांनी गूगल अर्थवर रेल्वेचे रूळ धुंडाळत घर सापडवतो. मोहल्ल्याचं नाव त्याला आठवत होतं 'गणेस्तलाय'. गणेश तलाई! स्वतःचं नावही सरू म्हणून सांगत होता, होता शेरू. सिनेमात छोटा शेरू केलाय मुंबईच्या सनी पवारने. त्या पोराचे डोळे विसरवत नाहीत.

मध्य रेल्वेच्या त्या पट्ट्यातून मी हजारदा गेलोय. त्याने जी पाण्याची टाकी आणि पूल लक्षात ठेवला तसं काहीच माझ्या लक्षात नाही. घरी राहणाऱ्याला घर आठवावं लागत नाही.

---

एक_अडाणी (सोम, १८:२०)

बरं, 'द कॅसल' हा इथला विनोदी सिनेमा बघितला काल. कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच बघून टाकला. हसून हसून पोट दुखलं. आता सांगा, त्यातल्या वकिलाच्या 'माबो'चा अर्थ काय? तो कोर्टात म्हणतो, घटना आहे, माबो आहे, एकूण... वातावरण आहे. 😂

---

वकिली_बाणा (सोम, २०:४०)

सांगतो. ब्रिटिशांनी जमीन घेतली ती 'कुणाचीच नाही' असं धरून. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या एडी कोइकी माबो यांनी आणि इतरांनी याला आव्हान दिलं. ३ जून १९९२ ला उच्च न्यायालयाने (इथे सर्वोच्च कोर्टाला 'हाय कोर्ट'च म्हणतात) मान्य केलं की मूळ रहिवाशांचा हक्क आधीपासून होता. एडी माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले. निकाल ऐकायला नव्हते.

'द कॅसल' पाच वर्षांनंतरचा, १९९७. अकरा दिवसांत चित्रीकरण उरकलं. मेलबर्नच्या विमानतळाला चिकटून केरिगन कुटुंबाचं घर, विमानतळ वाढवायला ते हवंय. डॅरिल केरिगन म्हणतो, हे नुसतं घर नाही, आमचं आयुष्य आहे. शेजारी फारूक म्हणतो, विमानं डोक्यावरून जातात ती जाऊ देत, बैरुतमध्ये ती बॉम्ब टाकायची. आणि मधेच डॅरिलच्या तोंडी वाक्य येतं, मूलनिवासींना कसं वाटत असेल ते मला आता कळायला लागलंय. विनोद म्हणून येतं, पण येतं.

कायद्याच्या अंगाने गंमत बघा. डॅरिल जिंकतो तो 'वातावरणा'वर नाही आणि माबोवरही नाही, घटनेच्या ५१ व्या कलमातल्या 'न्याय्य अटींवर' या दोन शब्दांवर. त्याच्याकडे मालकीचा कागद आहे. माबोच्या निकालातही जिथे पक्की खासगी मालकी दिली गेली तिथे मूळ हक्क संपलेला धरतात. म्हणजे डॅरिलचा कागद जितका पक्का, तितका त्याआधी तिथे राहणाऱ्यांचा हक्क गेलेला. सिनेमा हे बोलत नाही. पण माबोचं नाव त्या बावळट वकिलाच्या तोंडी घातल्यामुळे ते अख्ख्या देशाच्या तोंडी बसलं. आजही इथे कुणाचा मुद्दा डळमळीत असला की 'इट्स द व्हाइब' (एकूण वातावरण आहे) म्हणतात.

---

पनवेलकर (सोम, २०:५५)

विमानतळासाठी घर जाणं... आमच्याकडे हा सिनेमा विनोदी म्हणून नाही चालणार.

---

पुस्तकी_किडा (सोम, २१:३०)

कागदावरून एक राहिलं. बेहरूझ बूचानी, कुर्द-इराणी पत्रकार. बोटीने आला म्हणून ऑस्ट्रेलियाने त्याला पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर डांबला. तिथून त्याने फारसीत व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' लिहिलं, ओमिद तोफिघियान यांनी ते इंग्रजीत आणलं. २०१९ मध्ये त्याला मिळाला तोच व्हिक्टोरियाचा मोठा पुरस्कार, जो दोन वर्षं आधी लिआ पर्सेलला मिळाला होता. घ्यायला तो येऊ शकला नाही. ज्या देशाने त्याला पाऊल टाकू दिलं नाही त्या देशाचा तो पुरस्कारप्राप्त लेखक. लक्ष्मण मानेंच्या 'उपरा' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर इथे एकदा वाद झाला होता ना? हा घ्या.

---

गोदाकाठ (सोम, २१:३३)

प्रतिसाद काढून टाकला आहे. (चुकून दोनदा पडला होता)

---

एक_अडाणी (सोम, २२:१५)

वकीलसाहेब, धन्स. पोट दुखायचं थांबलं. मी अजूनही म्हणतो की करमणूक करमणुकीच्या जागी हवी. पण तो ढीग कोसळतो ती जागा मी आज मूळ गोष्टीत जाऊन वाचली. बाई रडते, मग डोळे पुसायला रुमाल घेते तर तो इतका फाटका की बोटंच डोळ्यांत जातात, आणि तिला हसू येतं. तगरफूल, हे तुम्ही लिहिलं नव्हतं. ती काही वाईट नव्हती हो.

---

तगरफूल (मंगळ, ०७:५०)

नव्हतीच. रुमाल राहून गेला खरा, चूक कबूल.

लेकीने काल निबंध दिला. प्रश्न बाईच्या धैर्यावरचाच होता, पण तिने तो त्या माणसाच्या बाजूने लिहिला. तिचा माणूस काम सुरू करण्याआधी विचारतो, किती तंबाखू? बाई सांगते, एक वडी. तो मनात हिशेब करतो की एका वडीला एवढं लाकूड होतं, आणि तेवढंच तोडतो. पण बाईला ढीग मोठा हवा असतो, तिने तसं हाताने दाखवलेलं असतं. म्हणून तो तेवढ्याच लाकडाचा मोठा ढीग करतो. जाताना ती आणखी एक वडी देते तेव्हा तो गोंधळतो. परत जाऊन आतलं भरावं का, असा विचार करत तो टेकडीपर्यंत जातो.

पुढे काय, विचारलं तर म्हणाली, "शब्दमर्यादा संपली."

शाळेतल्या बाईंचा शेरा आला की कळवते. पर्सेलची कादंबरी वाचनालयात आहे, पण माझ्याआधी तिघांचे नंबर लागलेत.